अनवाणी वेल्डिंग

आरतीची ताटं घेऊन उभ्या असलेल्या मुलींच्या अंगात निळे बॉयलर सूट होते. नवे कोरे, घडीच्या रेषा अजून न मोडलेले. सगळे एकाच मापात शिवल्यामुळे बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या आणि निरांजनाच्या ज्योतीजवळून फिरताना मला त्या बाह्यांचीच भीती वाटत होती. वेल्डिंगच्या वर्गातल्या या मुली, आणि आम्ही पाहुणे. देशभरातल्या कारागिरांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था कशी सुधारावी हे सरकारला सांगण्याचं काम आमच्या कंपनीला मिळालं होतं. त्यासाठी आम्ही मध्य मुंबईतल्या एका खाजगी आयटीआयची पाहणी करायला आलो होतो, आणि पाहणीच्या सुरुवातीला आम्हाला ओवाळलं जात होतं.

माझ्या कपाळाला कुंकू लावणारी मुलगी माझी सख्खी मामेबहीण होती. आम्ही लालबागच्या एकाच चाळीत राहतो, ती वरच्या मजल्यावर आणि मी खालच्या. आदल्या दिवशी गॅलरीत तिने मला बजावलं होतं, "तिकडे मला ओळखायचं नाही. आमच्या सरांना कळलं ना, तर पास झाले तरी म्हणतील वशिल्याने झाली." म्हणून तिने मला परकी असल्यासारखं कुंकू लावलं, आणि मीही परकी असल्यासारखं "थँक यू" म्हटलं. दिल्लीहून आलेले आमचे सर ओवाळून घेताना हसत कॅमेऱ्याकडे बघत होते. त्यांना गुलाबाचं फूल दिलं, ते सेलोफेनच्या कागदात होतं. त्यांनी ते लगेच माझ्या हातात दिलं. माझ्या हातात अशी बरीच फुलं जमली.

कंपनीत मी सगळ्यात नवी. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, पण घर लालबागचं, म्हणून प्रशिक्षणार्थींचं पुस्तक मराठीत आणायचं काम माझ्याकडे होतं. मीटिंगमध्ये मी फारशी बोलत नसे. कुणी अपेक्षाही करत नसे. मराठी शब्द अडला की सगळे माझ्याकडे बघत, आणि तो मिळाला की पुन्हा आपल्या लॅपटॉपकडे.

वर्कशॉपमध्ये ऑइलपेंटचा वास भरला होता. जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्या अजून ओल्या होत्या आणि आम्ही त्यावर पाय देऊ नये म्हणून एक शिपाई पुढे चालत होता. वेल्डिंगची यंत्रं नवी होती. त्यांच्यावरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. प्राचार्य सांगत होते की ही सगळी नव्या योजनेची कृपा. सर म्हणत होते, "वंडरफुल." फोटो काढायला आलेला माणूस म्हणाला, "सर, थोडा स्पार्क मिल जाता तो..."

वेल्डिंग शिकवणाऱ्या सरांनी खिशातून किल्ली काढली, भिंतीतलं कपाट उघडलं आणि एक रॉड काढला. एकच. कपाट पुन्हा लावलं. मग मुलींकडे बघून माझ्या बहिणीला बोटाने बोलावलं.

वेल्डिंगचा रॉड लोखंडाच्या पट्टीला टेकवून लगेच जरासा उचलायचा असतो, मग ठिणगी धरते. उचलायला उशीर झाला की रॉड लोखंडाला चिकटतो. तिचा चिकटला. तिने ओढला तर रॉडबरोबर पट्टीच वर आली, मासा गळाला लागावा तशी. कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. शिकवणारे सर आमच्या सरांना म्हणाले, "लेडीज आहेत ना सर, घाबरतात."

"नो नो, व्हेरी ब्रेव्ह, व्हेरी ब्रेव्ह," सर म्हणाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. माझ्या हातात फुलं होती.

तिने तोंडावरची शील्ड खाली घेतली नाही. शिकवणाऱ्यांनी रॉड पट्टीपासून हिसडून काढला, वाकलेला होता तो सरळ केला, आणि कपाट उघडून परत आत ठेवला. हे मी बघितलं. बाकीचे समोशांकडे वळले होते. समोसे वर्कशॉपमध्येच मांडले होते, वेल्डिंगच्या टेबलावर पांढरी चादर घालून, आणि चादरीला तेलाचे डाग पडत चालले होते.

त्या संध्याकाळी गॅलरीत तिने पहिला प्रश्न विचारला. "तू हसलीस?"

"नाही."

"मी तुझ्या जागी असते तर हसले असते. पट्टीच उचलली गं मी! भाजी उचलल्यासारखी." मग ती खरंच हसली. "वर्ष संपत आलं. आम्ही एकेक रॉड चौघीत वापरतो. एक करते, तिघी बघतात. बघून येतं काय हे?"

महिन्याभरावर जहाजदुरुस्तीच्या एका गोदीची चाचणी होती. दोन पट्ट्या उभ्या लावायच्या आणि खालून वर जोड घालत जायचं, वितळलेलं लोखंड ओघळू न देता. ते जमलं की गोदीत शिकाऊ वेल्डर. नाही जमलं तर मामाने दादरच्या एका साडीच्या दुकानात शब्द टाकून ठेवला होता. दुकान वातानुकूलित होतं, हे मामा प्रत्येक वेळी सांगत असे. तिला साड्यांच्या घड्या घालायच्या नव्हत्या. एवढंच होतं, पण तिच्यासाठी ते सगळंच होतं.

मग तिनेच जागा शोधली. परळला गणपतीच्या मूर्तींची एक मोठी शेड आहे. मोठ्या मूर्तींच्या आत लोखंडाचा सांगाडा असतो. आधी तो उभा करतात, मग त्यावर बाकीचं चढतं. सांगाड्याचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं. तिथल्या वेल्डिंगच्या मिस्त्रींना मामा ओळखत होता, पण तिने मामाला मध्ये घातलं नाही. स्वतः जाऊन उभी राहिली. मिस्त्री म्हणाले, "झाडू मारशील? पाणी आणशील? मग संध्याकाळी भंगाराचे तुकडे जोडत बस. रॉडची थोटकं देईन, अख्खा मागायचा नाही."

मामी म्हणाली, "ह्यां काय चेडवांचां काम हा? आणि जायचाच असला तर एकटी जाव नको. हिका घेवन जा." ही म्हणजे मी. त्यामुळे ऑफिस सुटलं की मी करी रोडवरून परळच्या शेडकडे चालत जाऊ लागले.

शेडच्या शटरशी चपलांचा ढीग होता. आत चपला चालत नाहीत. सांगाड्याचं पहिलं लोखंड उभं राहतं त्या दिवशी मंडळाची माणसं येऊन नारळ फोडतात, हळदकुंकू वाहतात, आणि तिथून पुढे ते लोखंड नसतं, देव असतो. म्हणून आतली सगळी माणसं अनवाणी. वेल्डिंग करणारेसुद्धा. मी एका उलट्या ठेवलेल्या रंगाच्या डब्यावर बसून लॅपटॉपवर प्रशिक्षणार्थींचं पुस्तक मराठीत आणत असे, आणि मान वर केली की समोर मिस्त्रींचे पाय दिसत. पायांवर ठिणग्यांचे जुने पांढरे डाग होते, देवीचे व्रण असावेत तसे. माझ्या स्क्रीनवर त्याच सुमाराला आलेलं वाक्य होतं: पायांत सुरक्षा बूट असल्याशिवाय काम सुरू करू नये. मला दोन्हींचा सारखाच राग येई, वाक्याचा आणि पायांचा.

मिस्त्री तिला रोज एक प्रश्न विचारत. आत येण्याआधी, शटरपाशी, सगळ्यांसमोर.

"अडचण नाही ना?"

"नाही," ती म्हणे.

बाकीची माणसं तेवढ्यापुरती हातातलं काम थांबवून ऐकत. मला प्रत्येक वेळी अंगावरून काहीतरी ओलं सरपटत गेल्यासारखं वाटे. मलाही विचारत का? नाही. मी नुसती बसणार, हात लावणार नाही, म्हणून मला सूट होती.

परतताना मी तिला विचारलं, "तू रोज नाही म्हणतेस?"

"रोज. महिना होत आला. त्यांच्या हिशोबाने मी पोटुशी असणार."

मी रस्त्यात थांबून हसले. तीही हसली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न आणि तेच ऐकणारे कान. मंडळाचे कार्यकर्ते यायचे असले की मिस्त्री तिला मागच्या दाराने बाहेर काढत. "बाईमाणूस दिसायला नको. त्यांना आवडत नाही." कार्यकर्ते निघून गेले की ती परत आत. हेच कार्यकर्ते मंडळाच्या बोर्डावर नारीशक्तीचं चित्र लावतात, ते मी दर वर्षी बघत आले आहे.

मिस्त्री शिकवत मात्र नव्हते. ओरडत. "हात कशाला थरथरतोय? ताप आलाय?" "उचल! उचल! चिकटव आता, घरी घेऊन जा." ती रॉड धरायच्या होल्डरमध्ये एकेक थोटूक लावून भंगाराच्या तुकड्यांवर संपवत बसे. उकिडवी, ओढणी कमरेला घट्ट बांधून, पाय अंगाखाली ओढून. रॉड चिकटायचा कमी झाला. मग थांबला. जोडावरची काळी खपली हातोडीने ठोकून पाडली की आतून ओळ निघे. आधी ती वेडीवाकडी निघे, मग हळूहळू एकसारखी. ती ओळ मला दाखवायची आणि मी "छान" म्हटलं की चिडायची. "तुला काय कळतंय, ए कॉन्व्हेंट?"

एकदा एक ठिणगी तिच्या पावलावर पडली आणि तिथेच राहिली. ती ओरडली नाही. हातातला जोड संपवला आणि मग पाय झटकला. कातडी जळल्याचा वास आला. मिस्त्रींनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "काही नाही. देवाचा प्रसाद समज."

मी डब्यावरून उठले. मला काहीतरी म्हणायचं होतं आणि मी मराठीत शोधत होते, इंग्रजीत शोधत होते. तिने डोळ्यांनीच मला बस म्हणून सांगितलं. तिला अजून थोटकं हवी होती.

घरी मामीने त्यावर खोबरेल लावलं आणि शिव्या देत बसली, अर्ध्या मिस्त्रींना आणि अर्ध्या मला. "तू बाजूक बसलंलंस ना? मग डोळे खंय होते तुझे?"

चाचणीसाठी बूट हवे होते. शेजारच्या एका दादांकडे फॅक्टरीतले जुने सेफ्टी बूट होते, पुढे लोखंडी टोपी असलेले. ते तिला एक नंबर मोठे झाले. ती गॅलरीत खटखट चालून दाखवत होती आणि खालची मुलं ओरडत होती, "हवालदार आला, हवालदार आला!"

चाचणीच्या दिवशी मी सुट्टी काढून गोदीच्या गेटबाहेर उभी राहिले. पहिला गट आत गेला. मी पलीकडे चहाच्या टपरीवर गेले, आणि चहा संपायच्या आत ती बाहेर येताना दिसली. एकटीच. तिच्या चालण्यावरून कळत होतं, आणि तरी मी विचारलं.

"लवकर झालं?"

ती टपरीच्या बाकावर बसली. बुटांकडे बघूनच बोलली.

"पट्ट्या उभ्या लावल्या. क्लिप लावली. शील्ड घेतली. होल्डर उचलला आणि पाय एकदम मोकळे वाटले. खाली बघितलं तर बूट बाजूला. नीट जोडीने लावलेले, भिंतीशी. देवळाबाहेर ठेवतात तसे." तिने माझ्याकडे बघितलं. "मी काढले गं. मला कळलंच नाही कधी काढले."

"मग?"

"साहेब मागेच उभा होता. म्हणाला, बाहेर. म्हणाला, पायांत बूट नसताना होल्डर हातात घेतला, चाचणी संपली. मग विचारलं, तुमच्या संस्थेत हेच शिकवतात? मी म्हटलं, संस्थेत काहीच शिकवत नाहीत."

"खरंच म्हणालीस?"

"नाही गं. सॉरी सर म्हटलं."

रॉड पेटवायची वेळसुद्धा आली नव्हती. तिला ते येत होतं. आता ती चिडेल, रडेल, असं मला वाटत होतं, पण तिने माझ्या ग्लासातला उरलेला चहा पिऊन टाकला आणि म्हणाली, "साहेब बरोबर होता. तेच वाईट आहे."

हे मला पुढे बरेच दिवस पचलं नाही. साहेब बरोबर होता. माझ्या पुस्तकातलं वाक्य बरोबर होतं. ज्यांनी तिला रॉड दिले त्यांनी बूट काढायला लावले, आणि ज्यांनी बॉयलर सूट दिले त्यांनी रॉड कपाटात ठेवले. प्रत्येकाजवळ आपापला नियम होता, आणि प्रत्येकाचा नियम तिच्याच अंगावर येऊन पडत होता.

त्याच आठवड्यात आमच्या अहवालाची शेवटची मीटिंग होती. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या वरच्या मजल्यावरची खोली, एसी इतका की सगळ्यांनी जॅकेटं घातलेली. स्क्रीनवर चित्र आलं: बॉयलर सूटमधल्या मुली, आरतीची ताटं, मध्ये सर. वर इंग्रजीत मथळा होता, महिला आता पुरुषांच्या क्षेत्रात पाऊल ठेवत आहेत अशा अर्थाचा. माझ्या बहिणीच्या हातातली ज्योत फोटोत छान आली होती. कुणीतरी म्हणालं, "लव्हली." कुणीतरी सँडविच उघडलं आणि मेयोनीजचा वास पसरला.

मी म्हटलं, "सर, त्यांना रॉड मिळत नाहीत."

सगळे माझ्याकडे वळले, कुठला मराठी शब्द अडला नसताना.

"सॉरी?"

"वेल्डिंगचे रॉड. कपाटात कुलूप लावून ठेवतात. हात बसायला रोज रॉड लागतात. मुली बाहेर जाऊन शिकतात, आणि बाहेर बूट..." पुढचं मला नीट सांगता येईना. शटर, नारळ, अडचण, हे सगळं इंग्रजीत सांगायचं म्हणजे आधी माझ्याच घराची गंमत करून दाखवायची, आणि ती मला या खोलीत दाखवायची नव्हती.

"गुड कॅच," सर म्हणाले. "कन्झ्युमेबल्स. अ‍ॅनेक्स्चरमध्ये टाक एक ओळ." आणि पुढचं चित्र आलं.

मी परिशिष्टात ती ओळ टाकली. परत पाठवलेल्या मसुद्यात ती दुसऱ्या एका ओळीत मिसळलेली होती, आणि त्यातून रॉड हा शब्द गेला होता.

गोदीची पुढची चाचणी दिवाळीनंतर होती. मामाने तिला गणपतीपर्यंत सूट दिली, त्यानंतर साडीचं दुकान. दुकानात गेली तरी चाचणी ती देणारच होती, आणि तोवर बसलेला हात सुटायला नको होता. ती दोन दिवस शेडकडे गेली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "चल." पायांत दादांचे बूट होते, आत जुने मोजे कोंबून घट्ट केलेले.

शटरपाशी मिस्त्री उभे होते. त्यांनी बोट खाली दाखवलं.

"बूट."

"आहेत की," ती म्हणाली.

"काढ."

"नाही काढत. मी आत येतच नाही. तुकडे आणि केबल बाहेर द्या."

"रस्त्यावर करणार? येडी झालीस काय?"

"फूटपाथवर. तुमच्या देवाला हात लावत नाही काका, भंगाराला लावते. भंगाराला अडचण चालते ना?"

आतून कुणीतरी फुस्सकन हसलं. मिस्त्रींनी मागे वळून बघितलं तसा तो गप्प झाला. मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, जणू ही अवदसा मीच घेऊन आले होते. तोंडातला तंबाखू त्यांनी गटारात थुंकला, आणि तो तिच्या बुटांच्या इतका जवळ पडला की तो मुद्दाम की चुकून ते मला आजही ठरवता येत नाही. "मंडळवाले आले तर मी तुला ओळखत नाही," ते म्हणाले.

"मला सवय आहे," ती म्हणाली.

त्यांनी केबल पायाने शटरखालून बाहेर ढकलली. ती पुरेशी लांब नव्हती. उंबऱ्याला अगदी चिकटून बसलं तरच होल्डर हातात येत होता. आतून पट्ट्यांचे दोन तुकडे आले, आणि मग थोटकं, मोजून दिल्यासारखी. तिने एका दगडाला टेकवून पट्ट्या उभ्या केल्या.

वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी बघू नये, आणि फूटपाथवर माणसं होती. म्हणून मी प्लायवुडचा एक तुकडा घेऊन त्यांच्या आणि तिच्या मध्ये आडवा धरून उभी राहिले. लोक तरी थांबत. एक जण फळीच्या वरून फोन धरून व्हिडिओ काढू लागला, मी फळी त्याच्या फोनसमोर नेली, तो म्हणाला, "दिखाने का ही तो है ना मॅडम?" मसाल्याची पिशवी घेऊन चाललेली एक बाई थांबून म्हणाली, "अगो, हिच्या घरी कोण नाही काय?" लाल मिरचीचा वास आणि जळत्या लोखंडाचा वास एकत्र नाकात गेले आणि मला शिंका आल्या.

"ए कॉन्व्हेंट, हलू नको!" फळीमागून तिचा आवाज आला.

माझ्या खांद्याच्या पर्समध्ये फोन वाजत होता, बहुधा सरांचाच. मागे सरांचा मेसेज येऊन गेला होता, अहवालाच्या मुखपृष्ठासाठी काम करणाऱ्या मुलीचा एखादा खरा फोटो हवा आहे, तुझ्या भागातला मिळाला तर बघ. मी उत्तर दिलं नव्हतं. आता माझे दोन्ही हात फळीला होते.

फळीच्या कडेखालून मला तिचे बूट तेवढे दिसत होते. ठिणग्या त्यांच्या लोखंडी टोप्यांवर पडून विझत होत्या. फळीमागे भजी तळल्यासारखा आवाज चालू होता, एका लयीत, खालून वर, कुठेही न अडखळता. मग तो थांबला. हातोडीची ठोकठोक ऐकू आली.

"दाखव," मी म्हटलं.

"तुला काय कळतंय," ती म्हणाली, आणि पुढचं थोटूक होल्डरला लावलं. "फळी सरळ धर."